सही तुझी असेल

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला हे बोलता आले नसते, म्हणून लिहीत आहे. मावशीच्या घरी निवांत वेळ बघून वाच, आणि राग आला तरी पत्र फाडू नकोस. दोन दिवसांनी पुन्हा वाच.

दिवाळीआधी तुझी बातमी कळली तेव्हा तुला एक शब्दही न विचारता मी निर्णय करून टाकला होता. तालुक्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एका माणसाने मला सांगितले होते की, बाळंतपण झाले की बाळ परस्पर एका जोडप्याकडे जाईल, जन्माची नोंदच त्यांच्या नावाने होईल आणि आपल्याला खर्चापोटी पन्नास हजार रुपये मिळतील. गावात कोणाला कळणार नाही, एवढ्या एका गोष्टीला मी भुललो. तुझ्या आईने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे टाकले, आणि तिचे बरोबर होते.

शेवटी तिच्याच हट्टामुळे मी यवतमाळला बालकल्याण समितीकडे गेलो. बियाण्याच्या पावतीच्या पाठीमागे पाच प्रश्न लिहून नेले होते. बाकावर बसून घामाने तो कागद इतका मऊ झाला की शेवटचा प्रश्न मलाच वाचता येईना. तिथल्या बाईंनी मला चहा दिला आणि सरळ सांगितले की, मी ठरवलेला व्यवहार म्हणजे बाळाची विक्री आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि दवाखान्यातल्या माणसाचा हात असेल तर त्याला त्याहूनही जास्त. मात्र शिक्षेपेक्षा मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. जन्माची नोंदच खोटी झाली, तर ते लेकरू मोठे झाल्यावर आपण कुठून आलो हे शोधायला निघाले तरी त्याला कधीच काही सापडणार नाही. त्याची वाट मी जन्माआधीच बुजवायला निघालो होतो.

आता रीतसर मार्ग कसा आहे ते सांगतो. बाळ जन्मण्याआधी कोणीही तुझी सही घेऊ शकत नाही. जन्मानंतर तुला बाळ द्यावेसे वाटले, तर आधी समुपदेशन होते, समितीचे लोक तुझे म्हणणे ऐकून घेतात आणि मग समितीसमोर समर्पणपत्र होते. तुझे लग्न झालेले नसल्यामुळे त्यावर तुझीच सही लागते. माझी नाही, आणि बाळाच्या बापाचीही नाही. सही केल्यानंतरही 60 दिवस विचार बदलण्यासाठी असतात. त्या काळात बाळ विशेष दत्तक संस्थेत राहते आणि तुझे मन फिरले तर ते परत मागता येते. मुदत संपली की मात्र समिती त्याला दत्तकासाठी मुक्त जाहीर करते, आणि तिथून मागे फिरता येत नाही. हे दिवस मनात घोळवत घालवू नकोस, ताई. शंका आली तर त्याच दिवशी सांग. त्यानंतर दत्तक घेणारे आईबाप केंद्र सरकारच्या यादीतून, त्यांची चौकशी होऊन ठरतात. त्यांना आपण निवडू शकत नाही, आणि तुझे नाव गुप्त ठेवले जाते. पुढे अठरा वर्षांचे झाल्यावर बाळाला आपले मूळ शोधण्यासाठी अर्ज करता येतो. तुझी ओळख त्याला कळावी की नाही, याबद्दलचे तुझे म्हणणे समर्पणाच्या वेळीच नोंदवता येते. त्या ओळीचा विचार सावकाश कर.

पंचवीस वर्षे मी सोसायटीचा गटसचिव होतो. कर्जाच्या कागदावर अंगठा घेताना, समोरच्याला ओळ न् ओळ वाचून न दाखवता 'इथे कर' असे मी कितीदा म्हणालो असेन, याचा हिशेब आज मला लावता येत नाही. तुझ्या बाबतीत तसे होऊ देणार नाही. कागद तू स्वतः वाचशील, समजले नाही तर विचारशील, आणि मी दाराबाहेर बसेन.

तू बाळ दिलेस तर मी तुला निर्दय म्हणणार नाही, आणि घरात कोणी म्हणाले तर त्याला मी उत्तर देईन. वीस वर्षांच्या मुलीला आपले शिक्षण पुरे करायचे आहे आणि त्या लेकराला तिला आज देता येत नाही असे घर मिळावे असे वाटते, यात मला काही खोट दिसत नाही. आणि ठेवायचे ठरवलेस, तर बाळाला घेऊन थेट आपल्या घरी ये. लोक बोलतील, काही दिवस फार बोलतील. मी ते ऐकून घ्यायला तयार आहे. दिवाळीला नव्हतो, याचे दुःख मला जन्मभर राहील.

त्या माणसाला मी तोंडावर नाही म्हणून आलो आहे. त्याचा किंवा त्याच्या ओळखीच्या कोणाचा फोन आला तर उचलू नकोस. आला तर मला कळव, आणि मी सापडलो नाही तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर सांग.

पहिली वेचणी झाली आहे, तुरीला फुले आहेत. गुरुवारी यवतमाळला गाडी बदलून दुपारपर्यंत वर्ध्याला पोहोचतो; शुक्रवारी तुझी तपासणी आहे, ती होईपर्यंत थांबेन. आईने जुन्या लुगड्याची दोन दुपटी शिवली आहेत, मऊ हिरव्या काठाची. बाळाला एक पुरे झाले असते, दोन कशाला, असे मी विचारले, तर शिवण न थांबवता म्हणाली, "काहीही ठरलं तरी एक तिच्यापाशी राहू द्या." दोन्ही घेऊन येत आहे.

तुझा,
बाबा