येरेवानहून आजीस पत्र

येरेवान, आर्मेनिया

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र पोचले. तिकडे सगळे मांसच खातात म्हणे, मग तू जेवतेस तरी काय, असे तू पुन्हा विचारले आहेस. म्हणून या खेपेस हवापाणी आणि नोकरीची हकीकत बाजूला ठेवून केवळ इथल्या घरगुती स्वयंपाकाविषयी लिहिते.

सध्या इथे ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास चालू आहे. हा उपवास जुन्या रीतीने पाळणाऱ्या घरांत इतके दिवस मांस, दूध, लोणी, अंडी यांपैकी काहीही चुलीवर चढत नाही, आणि त्यामुळे आर्मेनियन गृहिणींनी कडधान्ये, गहू, भाज्या, अक्रोड आणि सुकामेवा यांवर जे पदार्थ बसवले आहेत, ते कांदा-लसणाचा अपवाद सोडला तर तुझ्या सोवळ्यातसुद्धा खपून जातील. आमच्या घरमालकीणबाई या दिवसांत ‘पासुत्स तोल्मा’ करतात. राजमा, हरभरे आणि मसूर वेगवेगळे शिजवून घ्यायचे, त्यांत भरडलेला गहू, तेलावर चांगला तांबूस परतलेला कांदा आणि वाळवलेला पुदिना मिसळायचा, आणि हे सारण वाफवलेल्या कोबीच्या पानांत बोटाएवढ्या जाडीच्या वळकट्या करून बांधायचे. पातेल्याच्या तळाशी उरलेली पाने अंथरून त्यांवर वळकट्या घट्ट रचतात, मधूनमधून आंबट आलुबुखार आणि जर्दाळू खुपसतात, आणि उकळी आली तरी काही सुटू नये म्हणून वर एक ताटली पालथी दाबून ठेवतात. मंद आचेवर शिजलेला हा पदार्थ गरम खाण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी थंड खाल्लेला अधिक चांगला लागतो, आणि बाईही तो मुद्दाम आदल्या दिवशी करून ठेवतात. इथला नाताळ ६ जानेवारीला असतो. त्याच्या आधीच्या उपवासातही हाच पदार्थ असतो.

उपवास सुटला की तोल्म्याचे रूप पालटते. मग खिमा आणि तांदूळ यांचे सारण द्राक्षाच्या कोवळ्या पानांत बांधले जाते आणि वरून लसूण घातलेले दही येते. उन्हाळ्यात तेच सारण वांगी, ढोबळी मिरची आणि टोमॅटो यांत भरतात. मात्र पान किंवा भाजी भरून शिजवण्याची ही कल्पना एकट्या आर्मेनियाची नाही. इस्तंबूल, हलब (सीरियातले अलेप्पो), तब्रीझ, बाकू, अथेन्स, कुठेही गेलीस तरी थोड्या फरकाने हाच पदार्थ ताटात येईल, आणि प्रत्येक ठिकाणचा यजमान तो आपल्या आजीचा म्हणून सांगेल. द्राक्षाचा वेल तर या डोंगरांत फारच जुना आहे: अरेनी गावाजवळच्या गुहेत द्राक्षे तुडवून मद्य करण्याची सुमारे ६००० वर्षांपूर्वीची जागा उत्खननात सापडली आहे.

गव्हाचेही तसेच. येरेवानच्या वेशीवर एरेबुनी नावाचे एक संरक्षित क्षेत्र १९८१ साली केवळ रानटी गव्हाच्या जाती टिकाव्यात म्हणून राखून ठेवण्यात आले. वाघ-हरणांसाठी राखलेले जंगल आपल्याला माहीत असते, पण गवतासारख्या दिसणाऱ्या गव्हासाठी कोणी कुंपण घालील हे मला इथे आल्यावरच कळले. ज्या पट्ट्यात माणसाने गहू पहिल्यांदा पेरला, त्याच्या उत्तर टोकाला हा देश आहे, आणि म्हणूनच इथल्या जेवणाचा पाया भात नसून गहू आहे: सूप दाट करायला गहू, खिम्यात गहू, सणाच्या गोडात गहू. नववर्षाचे ‘अनुशाबुर’ म्हणजे कांडलेला गहू मऊ शिजवून त्यात जर्दाळू, बेदाणे आणि साखर घालून केलेली खीर. आपल्या जत्रेतल्या हुग्गीतून गूळ आणि वेलदोडा काढून फळांचा आंबटपणा घातला, तर जे होईल ते.

रोजच्या जेवणातला गहू म्हणजे लवाश. हा करताना पाहणे ही एक मौज आहे. जमिनीत पुरलेल्या मातीच्या भट्टीला इथे ‘तोनीर’ म्हणतात. तिच्याभोवती बायका बसतात. एकजण गोळा लाटते, दुसरी ती पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत इतकी पातळ करते की पलीकडचे दिसावे, आणि तिसरी, बहुधा सर्वांत वयस्कर, ती गवत भरलेल्या लांबट उशीवर ताणून घेऊन कमरेतून वाकते आणि तापलेल्या भिंतीवर एका फटक्यात चिकटवते. मिनिटभरात फोड येतात, कडा सुटतात, आणि लोखंडी आकडीने पोळी वर ओढली जाते. लवाश वाळवून रचून ठेवला की महिनोन्महिने टिकतो. खायच्या वेळी पाण्याचा हबका मारून फडक्यात गुंडाळला की पुन्हा मऊ. लग्नात वधूवरांच्या खांद्यांवर लवाश ठेवतात, घर भरलेले राहावे म्हणून.

आता यातली भांडणाची बाजू ऐक. २०१४ साली युनेस्कोने लवाश ही आर्मेनियाची सांस्कृतिक परंपरा म्हणून यादीत घेतली. त्यावर शेजारी नाराज झाले, आणि २०१६ साली अझरबैजान, इराण, तुर्कस्तान, कझाकस्तान आणि किर्गिझस्तान या पाच देशांच्या नावावर पातळ पोळ्यांची परंपरा, तीत लवाशही, वेगळी नोंदवली गेली. २०१७ साली अझरबैजानची दोल्मा, म्हणजे आपला वरचा तोल्माच, त्याच यादीत आली. त्याआधी २०११ मध्ये तुर्कस्तानचा केश्केक आला होता, जो आर्मेनियन लोक ‘हारिसा’ या नावाने करतात. ज्या पदार्थाला हजारो वर्षे सीमा ठाऊक नव्हती, त्याला गेल्या शंभर वर्षांत आखलेल्या सीमेचे पारपत्र देण्याचा हा खटाटोप मला तरी फोल वाटतो. तरीही इथल्या लोकांना हसण्याचे धाडस मला होत नाही, आणि त्याचे कारण हारिसाच सांगेल.

हारिसा म्हणजे कांडलेला गहू आणि कोंबडी किंवा मेंढीचे मांस मोठ्या हंड्यांत रात्रभर मंद आचेवर ठेवून, घोटून घोटून एकजीव केलेली लापशी. अंताकियाजवळच्या मुसा डोंगरावरील आर्मेनियन गावांनी १९१५ साली ऑटोमन तुर्की सरकारचा हद्दपारीचा हुकूम नाकारून डोंगरावर ठाण मांडले. आठवड्यांमागून आठवडे लढा दिल्यावर सप्टेंबरात फ्रेंच युद्धनौकांनी चार हजारांहून अधिक माणसांना पोर्ट सैदला नेले. युद्धानंतर ती गावी परतली, पण १९३९ साली तो प्रदेश तुर्कस्तानात गेल्यावर बहुतेकांनी पुन्हा गाव सोडले आणि लेबनॉनमधल्या अंजर येथे वस्ती केली. त्या लढ्याची आठवण म्हणून त्यांचे वंशज आजही सप्टेंबरात हारिसाचे हंडे चढवतात. इथे येरेवानपासून जवळ मुसालेर येथील स्मारकाच्या आवारात तो सोहळा होतो: रात्रभर जाळ, ढोल आणि सनईसारख्या झुर्ण्याचा गजर, आणि सकाळी येईल त्याला वाडगाभर हारिसा. मी मांस खात नाही म्हटल्यावर एका आजोबांनी माझ्या हातात नुसता लवाश आणि मीठ दिले, पण मोकळ्या हाताने जाऊ दिले नाही.

हाच पदार्थ अरबांच्या ‘हरीस’ या नावाने येमेनपर्यंत आहे, श्रीनगरला हिवाळ्यात सकाळी मिळतो, आणि निजामाच्या चाकरीत आलेल्या अरबांबरोबर हैदराबादेत येऊन त्याचाच हलीम झाला. रमजानात सोलापूरला ज्या हंड्यांवरून तू पदर नाकाला लावून पुढे जायचीस, त्यांचे हे दूरचे नातलग.

येरेवानचे जेवण एकसारखे नाही, आणि त्यालाही विस्थापनच कारण आहे. स्थानिक पूर्वेकडच्या स्वयंपाकात ताज्या भाजीपाल्याचा, दह्याचा आणि साध्या उकडलेल्या पदार्थांचा भर असतो. १९४६ ते १९४८ दरम्यान सोव्हिएत सरकारच्या आवाहनावरून सीरिया, लेबनॉन, ग्रीस, इराण अशा ठिकाणचे सुमारे ९०,००० आर्मेनियन इथे राहायला आले आणि त्यांनी आपल्याबरोबर हलबची लाल मिरची, खिमा पसरलेली पातळ ‘लाहमाजो’ आणि खिमा भरलेली, होडीच्या आकाराची भाजलेली ‘मांती’ आणली. सीरियातील युद्धानंतर हलबहून आणखी कुटुंबे आली, आणि डाळिंबाच्या आटवलेल्या रसाची चव आता शहरात कुठेही सापडते. इस्तंबूलच्या आर्मेनियनांचा ‘तोपिक’ तर तुझ्यासाठीच असल्यासारखा आहे: वाटलेले हरभरे आणि बटाटा यांच्या पारीत भरपूर परतलेला कांदा, तीळ वाटून केलेली ताहिनी, बेदाणे आणि दालचिनी.

सगळ्यांत अलीकडची भर काराबाखची, म्हणजे अझरबैजानच्या हद्दीतल्या आर्मेनियन वस्तीच्या डोंगराळ मुलखाची. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथले एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत घरे सोडून इकडे आले, आणि त्यांची ‘झेंग्यालोव हात्स’ ही पालेभाजी भरलेली पोळी, जी आधीही बाजारात मिळे, आता पुष्कळ बायकांच्या चरितार्थाचे साधन झाली आहे. दहा ते वीस प्रकारचा रानपाला बारीक चिरून, मीठ-तेल लावून, लाटलेल्या पोळीत भरतात, कडा चिमटून तिला पानाचा आकार देतात आणि तव्यावर बिनतेलाची शेकतात. उन्हाळ्यात इथल्या बाजारात घोळही मिळते, तीच आपली, लालसर देठांची. काराबाखची एक विक्रेती मला सांगत होती की तिकडच्या उतारावरचा अमुक एक पाला इकडे उगवत नाही, म्हणून पोळी तशी होत नाही. मला तर ती उत्तम लागली, पण तिच्याशी मी वाद घातला नाही.

एक काम आहे. इथे ‘हाचार’ नावाचा जो टरफलाचा गहू पुलावासाठी वापरतात, तो आपला खपलीच आहे. घरमालकीणबाईंच्या लहानपणी तो दगडी उखळात पाणी शिंपडून कांडत असत, असे त्या म्हणतात, आणि तुमच्याकडे कसे करत हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. पाणी किती, कांडायचा किती वेळ, आणि मुसळ लाकडाचे की लोखंडी वसवीचे, हे आईकडून सविस्तर लिहून घेऊन पाठव. आजोबांना नमस्कार सांग, लहानांना आशीर्वाद.

तुझी नात