ड्रमवाला फ्लिन आणि समोरचे दोन गोलंदाज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या सभागृहात मी एका टेबलावर काचेखाली काही जुन्या वस्तू मांडल्या होत्या. गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांनी त्यावर टीका केली आहे. झाशीच्या राणीची समाधी ज्या ग्वाल्हेरात आहे, तिथे गोऱ्या पोराच्या आठवणी कशाला जपायच्या, असा त्यांचा सवाल. सवाल रोखठोक आहे, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो.

पोराचे नाव टॉमस फ्लिन. आयर्लंडमधल्या अ‍ॅथलोनचा, इंग्रजांच्या ६४व्या पायदळ पलटणीत ड्रम वाजवणारा. २८ नोव्हेंबर १८५७ रोजी कानपूरला ही पलटण तोफांवर चालून गेली तेव्हा त्याचे वय जेमतेम १५. जखमी असतानाच तो दोन गोलंदाजांशी, म्हणजे तोफा डागणाऱ्यांशी, हातघाईवर आला, आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हा इंग्रजांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला. हा सन्मान सर्वांत लहान वयात मिळवणाऱ्यांत त्याची गणना होते. प्रदर्शनात एका मुलाने आईला विचारले, ‘१५ म्हणजे दहावीतला ना?’ तेव्हा पलटणीत पोरे घेत, शिपायांचीच मुले बरीच. कूच, हल्ला, माघार हे हुकूम ड्रमवर द्यायचे, जखमींना उचलून आणायचे आणि शिक्षा झालेल्या शिपायाला चाबकाचे फटकेही याच ड्रमवाल्यांनी मारायचे. मुलाच्या आईला हे शेवटचे सांगितले नाही.

आता टीकाकारांच्या पत्रात नसलेली गोष्ट. कानपूरला समोर फौज होती तात्या टोप्यांची, आणि तिचा कणा होता ग्वाल्हेर कंटिंजंट! महाराजपूर आणि पनिहारला शिंदे इंग्रजांकडून हरल्यानंतर, १८४४च्या तहाने शिंद्यांच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली उभी राहिलेली ही फौज. १४ जून १८५७ला ती ग्वाल्हेरलगतच्या मुरारच्या छावणीत उठली. पुढे तात्यांनी तिला काल्पीमार्गे कानपूरवर नेले. म्हणजे फ्लिनची गोष्ट ही निम्मी आपल्या मुरारची गोष्ट आहे.

मी महालेखाकार कार्यालयात आयुष्यभर हिशेब तपासले. जमेच्या बाजूला नोंद दिसली की नावेची बाजू बघायची, ही खोड जात नाही. फ्लिनचे नाव, गाव, पलटण, तारीख सगळे छापलेले आहे. ज्या दोघांशी तो झुंजला त्यांची नोंद ‘बंडखोर गोलंदाज, दोन’ एवढीच. फ्लिनला टेबलावरून उचलला, तर त्या दोघांचा उरलासुरला उल्लेखही त्याच्याबरोबर जातो. म्हणून तो माझ्या टेबलावर आहे. शिवाय ज्या साम्राज्याने त्याला क्रॉस दिला, त्याच साम्राज्यात तो १८९२ साली अ‍ॅथलोनच्या अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयघरात वारला, हेही मी चिठ्ठीवर लिहिले होते. टीकाकारांनी चिठ्ठी वाचलेली दिसत नाही.

वस्तू तशा थोड्याच. ६४ आकड्याचे एक बटण, त्याच पलटणीतल्या दुसऱ्या शिपायाचे १८५७चे चांदीचे पदक, कानपूरचा नकाशा. फ्लिनचा अस्सल क्रॉस माझ्याकडे नाही. इंटरनेटवर ‘अस्सल’ म्हणून मिळणाऱ्या नकला मात्र ढीगभर. अस्सल क्रॉसच्या वरच्या आडव्या पट्टीच्या मागे नाव कोरलेले असते आणि क्रॉसच्या पाठीवर वर्तुळात पराक्रमाची तारीख.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र महाराजपूरची चांदणी. २९ डिसेंबर १८४३च्या लढाईनंतर इंग्रजांनी शिंद्यांकडून जिंकलेल्या तोफांचे कांसे वितळवून सहा टोकांच्या चांदण्या केल्या, मध्ये छोटी चांदीची चांदणी बसवली आणि आपल्या सैन्यात वाटल्या. माझ्याकडच्या चांदणीची मधली चांदी कोणीतरी उचकटून काढलेली आहे. सराफ्यात ती भंगाराच्या भावात मिळाली, कारण उरलेल्या कांशाला तिथे कोण विचारतो?

हे लिहिण्याचे खरे कारण इथेच आहे. दिवाळी तोंडावर आली आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर आणि मुरार भागांतल्या जुन्या घरांत माळे उतरतील, ट्रंका उघडतील. १८५७चे पदक साधारण ३६ मिलिमीटरचे, चांदीचे, एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचे मुंडके. सराफ ते वजनावर घेतो आणि वितळवतो, मग कडेवर कोरलेले शिपायाचे नाव कायमचे गेले. पितळी बिल्ले, बटणे, तलवारीच्या मुठी कबाडी नेतो. कोणाच्या घरात शिंद्यांबरोबर आग्र्याला इंग्रजांच्या आश्रयाला गेलेला पूर्वज असेल, कोणाच्या घरात तात्यांबरोबर गेलेला. दोघांच्याही वस्तू सारख्याच निष्काळजीपणे जातात. दलालाने ‘लंडनला चांगला भाव आहे’ म्हटले तर एवढे लक्षात ठेवा: १९७२च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही.

माझी विनंती साधी आहे. चिंच-लिंबू किंवा ब्रासो लावून घासू नका, अक्षरे झिजतात. वस्तू कुठल्या पेटीत, कोणाच्या बोचक्यात सापडली, घरात तिच्याबद्दल आजी काय सांगत असे, ते त्याच दिवशी कागदावर लिहून वस्तूबरोबर ठेवा. कंटिंजंटमधल्या कोणा शिपायाचे, गोलंदाजाचे नाव असलेला मोडीतला चिटोरा असला तर तो फेकण्याआधी मला दाखवा. मोडी वाचता येते. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. मी काही विकत घेत नाही, ठेवूनही घेत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढतो, आणि वस्तू ज्याची त्याच्या हातात परत.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक
लष्कर, ग्वाल्हेर