विड्या वळणाऱ्या हातांसाठी आम्हाला पुढे शिकू द्या

महोदय,

फिजिओथेरपीची पदवी घेऊन मी सोलापुरात विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीजवळ छोटं क्लिनिक चालवते. येणाऱ्या बहुतेक बायका विडी कामगार. मांडीवर सूप, मान खाली, तासन् तास तीच बोटं, तोच अंगठा. मी शेक देते, व्यायाम शिकवते. पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा सुपापुढे बसतात, कारण विड्या मोजून मजुरी मिळते. यंत्रमागावर उभं राहून कंबर धरलेल्यांचीही तीच गत.

हे दुखणं टेबलावर झोपवून बरं होणार नाही, ते कामाच्या जागी जाऊनच समजून घ्यावं लागेल. पदव्युत्तर अभ्यासक्रमात त्यासाठी सामुदायिक फिजिओथेरपी ही स्वतंत्र शाखा आहे. मला तीच शिकायची आहे. पण तो दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. क्लिनिकला कुलूप लावून वर फी भरायची, तर घर कशावर चालणार? माझ्या बरोबरीच्या कितीतरी मुली इथेच अडल्या आहेत, आणि त्या हुशार आहेत हो!

राज्य सरकारने पुरेशा विद्यावेतनासह या शाखेच्या जागा वाढवाव्यात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने विडी आणि यंत्रमाग कामगारांवरील प्रबंधांना प्रोत्साहन द्यावं. विद्यार्थ्यांनी नमुने शोधायला लांब जायची गरज नाही. अशोक चौकापासून पूर्व भागात शिरलं, तरी दारोदारी सुपं दिसतील.

– एक फिजिओथेरपिस्ट, सोलापूर