सिक्लिड भांडतात, कारण त्यांना पळायला जागाच नसते

मा. संपादक,

पुरवणीतला घरच्या फिशटँकवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण सिक्लिड (टँकमध्ये पाळतात त्या माशांचं एक मोठं कुळ) 'लहानपणापासून एकत्र वाढवले की जुळवून घेतात' हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. दीड-दोन इंचाचे असतात तोवर सगळे गुण्यागोविंदाने राहतात हो, पण एकदा जोडी जमली आणि अंडी घातली की अर्धा टँक त्या दोघांचा, आणि बाकीचे हीटरच्या मागे दाटीवाटीने, शेपट्या कुरतडलेल्या. कॉन्व्हिक्ट सिक्लिड केवढासा, पण पिल्लं असताना आपल्या दुप्पट माशाला पळवून लावतो, आणि काच पुसायला हात घातला तर हातावरही येतो.

हा काही माशाचा दुष्टपणा नाही, हद्द राखणं आहे. तलावात हरलेला मासा लांब निघून जातो आणि विषय संपतो, टँकमध्ये तो जाणार कुठे? त्यामुळे टँकची उंची नाही, लांबी-रुंदी बघायची. ऑस्कर हा सिक्लिड सहज ३० सेंटिमीटरचा होतो, त्याला दोन फुटी टँकमध्ये ठेवायचं म्हणजे काय बोलायचं. फ्लॉवरहॉर्न हा संकरित सिक्लिड तर एकटाच ठेवावा, उगाच प्रयोग नकोत.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या मबुनांचं, म्हणजे तिथल्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडांचं, मात्र उलटं आहे, मोजकेच ठेवले तर सगळा मार एकाच्याच वाट्याला येतो, म्हणून लोक मुद्दाम थोडी गर्दी करतात, एका नरामागे तीन-चार माद्या आणि दगडांच्या भरपूर कपारी, पण मग फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचा आळस चालत नाही. नवा मासा सोडायच्या आधी दगडांची मांडणी बदलायची, जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि सगळ्यांनाच पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तोंडात तोंड अडकवून ढकलाढकली दिसली की लोक घाबरून लगेच जाळं घेतात. जरा थांबा, बऱ्याचदा एक जण पंख मिटून, रंग फिका करून मागे सरतो. तो सरल्यावरही दुसरा पाठ सोडत नसेल तर मात्र मधे जाळीचं पार्टिशन टाका.

आणि झेपत नाही म्हणून नदीत सोडू नका प्लीज, तिथल्या माशांची वाट लागते. दुकानात पिल्लू विकताना पूर्ण वाढीचा आकार कुणी सांगत नाही, निदान तुमच्या पुढच्या लेखात प्रत्येक फोटोखाली तो छापा.

– आपला एक वाचक