ताई, विचारायला खरंच पैसे पडले नाहीत

आदरणीय ताई,

तुमचं नाव इथे घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि लेस्टरच्या मराठी मंडळींना तसंही कळेलच. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण माझ्यासारखी बरीच मुलं एलएलबी करून इंग्लंडला येतात आणि ट्रेनी सॉलिसिटरच्या, म्हणजे शिकाऊ वकिलाच्या, जागांसाठी अर्ज भरून भरून थकतात.

नकाराची ती ईमेल मला पाठ झाली होती. यंदा उमेदवार फार चांगले होते, अर्ज इतके आले की प्रत्येकाला कारण कळवता येत नाही, वगैरे. आई फोनवर विचारायची, "अगं, काही कळलं का?" मी तिच्या गुडघेदुखीकडे विषय वळवायचे.

तुम्ही समजूत घालत बसला नाहीत. मोफत कायदा सल्ला क्लिनिकमधले शेवटचे अशील गेल्यावर विचारलंत, "दिवसभर ऑफिसात करतेस काय तू?"

"पॅरालीगल आहे. कागदपत्रं बघते."

"कागदपत्रं म्हणजे?"

पॅरालीगल म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखालचा मदतनीस, पण तुम्ही एकेक काम काढून घेतलंत. भिंतीला ओल नि बुरशी आलेल्या भाडेकरूंचे जबाब लिहून घेणं. दुरुस्तीची जबाबदारी घरमालकावर टाकणाऱ्या, १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टच्या कलम ११चा आधार देऊन घरमालकाला दाव्याआधीचं पत्र. कामाच्या २० दिवसांत उत्तर आलं नाही की पाठपुरावा. कोर्टासाठी कागदपत्रांचं बंडल. "अगं, मग सॉलिसिटर आणखी काय करतो?" म्हणालात.

सप्टेंबर २०२१मध्ये एसक्यूई, म्हणजे सॉलिसिटर होण्यासाठीची नवी परीक्षा, आल्यापासून सॉलिसिटर व्हायला लागणारा दोन वर्षांचा अनुभव ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टवरच, म्हणजे फर्मशी ट्रेनी म्हणून करार करूनच, व्हायला हवा असं राहिलेलं नाही. तो चार संस्थांपर्यंत विभागून चालतो, पॅरालीगलचं आणि लॉ क्लिनिकचं कामही त्यात धरतात. हे मला माहीत होतं. साहेबांसमोर उभं राहून "माझा अनुभव प्रमाणित करा" म्हणायची छाती मात्र होत नव्हती. त्यावर तुम्ही जे सांगितलंत, त्यासाठीच खरं तर हे पत्र. सही करणारा सॉलिसिटर तुझ्या लायकीची हमी देत नाही. किती काळ काम केलं, ठरवून दिलेल्यांपैकी किमान दोन कौशल्यं शिकायची संधी त्यात होती का, आणि सचोटीबद्दल काही शंका आहे का, एवढंच तो कळवतो. "विचारायला काय पैसे पडतात?" दुसऱ्या दिवशी विचारलं. साहेब "हो" म्हणाले, चहाचा कप हातातून खाली न ठेवता! क्लिनिकच्या कामावर तुमची सही झालीच होती.

व्हिसाच्या बाबतीतही तुम्ही गोड बोलला नाहीत. होम ऑफिसची, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याची, व्हिसासाठी स्पॉन्सर होऊ शकणाऱ्या फर्मची यादी आधी बघ, त्यात नाव नसेल तिथे रात्री जागवू नकोस, हे स्पष्ट सांगितलंत. अर्जातली फर्मची स्तुती काढून तिथे ओलीच्या घराची केस घालायला लावलीत, आणि अशिलाची ओळख पटेल असं काही राहू नये म्हणून प्रत्येक ओळ तपासलीत. कामावरून दमून आल्यावर, स्वतःचा डबा बाजूला ठेवून.

तर बातमी अशी: सप्टेंबरपासून एका छोट्या फर्मच्या हाउसिंग विभागात ट्रेनी म्हणून रुजू होते आहे. मुलाखतीचा निम्मा वेळ त्या ओलीवरच गेला.

फी म्हणून तुम्ही पुरणपोळी मागितली होती. या गुरुवारी आणते. कटाची आमटी मात्र बसमधून आणणार नाही, ती प्यायला घरी यावं लागेल.

तुमची,
गुरुवारच्या क्लिनिकमधली पॅरालीगल