दहापैकी सात नव्हे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काल फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलत होतात, त्यात कुकरच्या शिट्ट्या. म्हणून लिहून पाठवतेय. चष्मा लावा, बाबांच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या बायॉप्सीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीचा, रिपोर्ट शेजारी घ्या.

बाबा, ‘ग्लीसन 3+4=7’ खाली तुम्ही लाल पेनाने दोन रेघा मारल्यात, फोटोत दिसल्या. जन्मभर पेपर तपासलेल्या माणसाला ते दहापैकी सात वाटणारच. पण ही मार्कांची रीत निराळी. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथींची घडण किती विस्कटलीय ते पाहून 1 ते 5 नंबर देतात. जी घडण जास्त दिसते तिचा नंबर आधी, दुसरीचा नंतर. म्हणजे तुमच्यात 3 जास्त, 4 कमी. बायॉप्सीत 1 आणि 2 हल्ली देतच नाहीत, त्यामुळे मोजणी सुरू होते तीच 6 पासून. शेजारी ‘ग्रेड ग्रुप 2’ लिहिलंय ते पाचांपैकी. 4+3 असतं तर बेरीज सातच, पण ग्रुप 3 झाला असता. गणिताच्या मास्तरांना हे पटायचं नाही, ठाऊक आहे.

आई, ग्रेड 2 म्हणजे दुसरी स्टेज नव्हे. मावशीला तसं सांगून बसलीस ना? पेशी कशा दिसतात ती ग्रेड. आजार कुठवर गेलाय ती स्टेज, आणि ती एमआरआय वगैरे झाल्यावर कळेल.

बारा तुकडे काढले, त्यातल्या तिनांत सापडलाय. ‘पेरिन्युरल इन्व्हेजन’ म्हणजे प्रोस्टेटमधल्याच बारीक नसांच्या कडेने पेशी दिसल्या. तेवढ्यावरून बाहेर पसरलाय असं होत नाही. पण सोडून द्यायचीही गोष्ट नाही, डॉक्टरांना विचारायचंच.

आता काम. लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि ते तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, नुसता कागद पुरत नाही. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायचेत. हा नंबर शेवटी माणसाच्या डोळ्यांनी ठरतो, आणि तीन की चार यावर दोन जाणकारांचंही एकमत होतंच असं नाही. लॅबवाल्यांना वाईट वाटेल हा संकोच नको, लोक रोज नेतात. ब्लॉक गाडीत उन्हात ठेवू नका, मेण आहे ते.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. पीएसएचे, म्हणजे प्रोस्टेटच्या त्या रक्ततपासणीचे, जुने रिपोर्ट काढून ठेवा. आई, लाइटबिलांच्या पिशवीत बघ.

तुमची,
धाकटी