मुलाखतीत अडतो तो कॉलम

महोदय,
रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुले तारापूर, कुरकुंभ, वाळूजच्या औषध कंपन्यांत क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणी विभागाच्या) मुलाखतीला येतात आणि पहिल्या दहा मिनिटांतच अडखळतात. अर्जात ‘एचपीएलसीचे ज्ञान’ असे ठळक लिहिलेले असते. (एचपीएलसी म्हणजे औषधातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र.) पण फॉस्फेट बफर (क्षारयुक्त द्रावण) वापरल्यानंतर कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी यंत्रातील नळी, कसा धुवाल, असे विचारले की उत्तर येते : सरळ सेंद्रिय द्रावक, म्हणजे शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल सोडायचे. त्याने क्षार आतच बसतात, दाब चढतो आणि महागडा कॉलम वाया जातो. आधी ९० टक्के पाणी व १० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल, मग हळूहळू दुसऱ्याचे प्रमाण वाढवायचे. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारे द्रावण) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून का गाळतात, हेही सांगता यावे. (अनेक महाविद्यालयांत हे यंत्र कुलपातच असते, हा मुलांचा दोष नव्हे.)

दुसरी गोष्ट नोंदींची. चुकलेला आकडा एका रेघेने खोडावा, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही व तारीख. व्हाइटनर चालत नाही. अर्जात ‘मेहनती, प्रामाणिक’ लिहिण्यापेक्षा प्रकल्पात कोणते यंत्र स्वतः चालवले, किती नमुने तपासले, ते लिहावे. आणि नोकरीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावे.

– औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतील एक कर्मचारी, बोईसर